डिपॉझिटवर दिलेलं घर

शहापूर ते मुरबाड या पट्ट्यात माझ्या मालकीच्या खोल्या किती, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. बाई, तुम्ही स्वतः राहता कुठं, हे कुणी विचारत नाही. तर सांगते. मी राहते मुरबाडला, कारखान्यांच्या मागच्या अंगाला, माझ्याच चाळीतल्या पहिल्या खोलीत. आमच्या भिंतीपलीकडे पाळीवर जाणारे कामगार, समोर त्यांच्या बायकांची धुणी, आणि मोटर कधी लावायची यावरून रोजची एक तरी चकमक. लोक मला चाळवाली म्हणतात. तोंडावर मॅडम म्हणतात, पण ते करार वाढवून हवा असला की.

माझं घर तिकडे आहे, शहापूरच्या अलीकडे, आसनगाव स्टेशनच्या रस्त्यावरून थोडं आत. त्यात दुसरं कुटुंब राहतं. घर माझ्या नावावर, घरपट्टी मी भरते, आणि आत जायचं तर बाहेरून बेल वाजवते.

हे घर ज्या पैशाचं आहे तो पैसाही भांडून मिळवलेला. माझ्या वडिलांची शेती मोठ्या रस्त्यात गेली. आमच्याकडे अशा वेळी बहिणींना बोलावतात, जेवायला घालतात, आणि हक्कसोडीच्या कागदावर सही घेतात. बहिणीने आपला हिस्सा भावांच्या नावे सोडायचा. बदल्यात एक साडी आणि दिवाळीचं बोलावणं. माझं तेव्हा शहापूरला तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान होतं. दुसऱ्यांच्या बहिणींच्या हक्कसोडीच्या कागदांच्या झेरॉक्स काढून माझं मशीन दमलं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी पेन खाली ठेवलं. थोरला भाऊ म्हणाला, "तुला भावांची माया पायजे का पैसं पायजे?" मी म्हटलं, "सही न करता माया मिळत नसेल तर पैसे द्या." पैसे मिळाले. दिवाळीचं बोलावणं त्या वर्षापासून बंद झालं. मी ताठ्याने म्हणायचे, बरं झालं, प्रवासखर्च वाचला. रडले ते दुकानाचं शटर ओढून आतल्या बाजूला.

रस्त्यात जमीन गेलेल्या घरांतून तेव्हा नव्या गाड्या निघत होत्या. आम्ही घर बांधायला काढलं. आमचे हे सेंट्रिंगचं काम घेतात, म्हणजे स्लॅबच्या खालच्या फळ्या, टेकू, सगळा सांगाडा यांचा. उभ्या आयुष्यात दुसऱ्यांच्या डोक्यावर छप्परं घालत आलेल्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःचा स्लॅब टाकायचा होता. स्लॅबच्या दिवशी मालकाने कामगारांना जेवण द्यायची रीत आहे. त्या दिवशी हेच मालक आणि हेच कामगार. सगळ्यांना मटण-वडे वाढून झाल्यावर स्वतः पानावर बसायचं सोडून स्लॅबवर पाणी मारायला चढले. मी खालून ओरडतेय, आणि वरून यांचं एकच, "अगो, जेवन पलून जाते का? सिमेट वाट नाय बघत."

स्वयंपाकघरातला ओटा यांनी माझ्या मापाने केला. मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, कोपरापासून खाली टेप धरली आणि गवंड्याला सांगितलं, कडप्पा इथं बसव. गवंडी हसला, म्हणाला, शेठ, ओटा आहे का पाट? मी बुटकी आहे, त्याला इलाज नाही. पण त्या ओट्यावर भाकऱ्या थापताना खांदे कधी भरून आले नाहीत. खिडकीतून माहुलीचे सुळके दिसायचे. थंडीत त्यांच्यावर ऊन आलं की मी चहा ठेवायचे. घड्याळ नव्हतं असं नाही, पण बघायची गरज पडत नसे. लेक मागच्या पायरीवर बसून अभ्यासाच्या नावाखाली मांजराशी बोलायची. संध्याकाळी हे सिमेंटचे हातपाय धुऊन पडवीत यायचे आणि भिंतीवर थाप मारून म्हणायचे, ठण आहे. हा त्यांचा रोजचा देवाला नमस्कार. अशा संध्याकाळी तेव्हा मोजल्या नाहीत. आज त्यांतली एखादी उसनी मिळाली तरी चालेल असं वाटतं.

मग मुरबाडची जागा निघाली. कारखान्यांत माणसं येत होती, त्यांना राहायला खोल्या नव्हत्या. एक पट्टी जागा स्वस्तात मिळत होती. घेतली. आता वर खोल्या बांधायच्या तर पैसा कुठला? बँक म्हणे, पगाराची स्लिप आणा. झेरॉक्सवालीला आणि सेंट्रिंगवाल्याला पगार कोण देणार? मी रोज दुसऱ्यांच्या पगाराच्या स्लिपा झेरॉक्स करायचे, त्यातली एक माझ्या नावाची असती तर, असं मनात यायचं.

तोंड वासून बसायची माझी सवय नाही. दुकानात मी भाडेकराराचे कागद टाइप करून द्यायचे, त्यात एक प्रकार मला आवडला होता. हेवी डिपॉझिट. भाडेकरूने घरमालकाला एकरकमी मोठी रक्कम द्यायची आणि महिन्याचं भाडं द्यायचंच नाही. मुदत संपली की मालकाने सगळी रक्कम परत करायची, भाडेकरूने घर सोडायचं. भाडेकरू फुकट राहतो, मालकाला बिनव्याजी पैसा मिळतो. मला वाटलं, बँक गेली खड्ड्यात. आणि आमच्याकडे तेव्हा डिपॉझिटवर देण्याजोगी एकच वस्तू होती.

ते जोडपं भातसानगरच्या वसाहतीतून आलं. काका धरणावर नोकरीला होते. सगळं आयुष्य सरकारी क्वार्टरमध्ये गेलं, निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, आणि हातात फंडाची रक्कम. मुलगा लांब, त्याच्याकडे करमत नाही. काकू मूळच्या संगमनेरकडच्या, उंच, सरळ बोलणाऱ्या. घर बघायला आल्या तेव्हा त्यांनी नळ सोडून पाहिला, खिडक्या उघडल्या, आणि काकांकडे बघून म्हणाल्या, "इथं मला झोप लागंल." मला त्यांचा रागही आला आणि त्या आवडल्याही.

करार अकरा महिन्यांचा. मी स्वतः टाइप केला. सामान हलवताना लेक रडायला लागली तर मी तिला दटावलं, "घर विकतोय का आपण? वर्षाच्या आत परत." हे म्हणाले, "घर काय पळून चाललंय का गो?" खोल्यांच्या पहिल्या भिंती उठल्या, आम्ही त्यातल्याच एकीत राहायला गेलो. तोपर्यंत शहापूरचं दुकानही मुरबाडच्या तहसिलीसमोर आणलं. तहसील कचेऱ्या सगळीकडे सारख्याच, बाहेरची झाडं तेवढी वेगळी.

पुढे काय झालं ते धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. मुदत संपली तेव्हा काकांची रक्कम चार भिंतींत, पत्र्यांत आणि बोअरवेलमध्ये गेली होती. भिंत फोडून काही पैसा निघत नाही. करार वाढवला. मग पहिल्या खोल्याही डिपॉझिटवर दिल्या, त्या पैशातून पुढच्या बांधल्या. एखादा सोडून निघाला की नव्या माणसाची रक्कम जुन्याच्या हातात. याची टोपी त्याच्या डोक्यावर. पण टोपी कधी खाली पडली नाही, हे मी अभिमानाने सांगते. कुणाचा पैसा मी बुडवला नाही. फक्त प्रत्येक वर्षी खोल्या वाढत गेल्या आणि प्रत्येक वर्षी माझं घर एक करार लांब गेलं.

वर्षातून दोनतीनदा मी तिकडे जायचे, घरपट्टीची पावती द्यायचं निमित्त करून. काकू चहा करायच्या. मी पाहुण्यासारखी सोफ्यावर बसून स्वयंपाकघराकडे मान वळवत राहायचे. एकदा न राहवून आत गेले, तर काकू कमरेत वाकून भाजी चिरत होत्या. म्हणाल्या, "ताई, तुमचा हा ओटा कुणाच्या मापाचा हो? वाकून वाकून माझं कंबरडं मोडलं." इकडे मुरबाडच्या खोलीतला ओटा चार लोकांना चालेल अशा उंचीचा, तिथे मी खांदे वर करून पोळ्या लाटते. त्यांची कंबर माझ्या घरात दुखत होती आणि माझे खांदे माझ्या चाळीत. ओटा उंच करून देऊ का, असं मालकीण म्हणून मी विचारायला हवं होतं. शब्द ओठापर्यंत आला आणि मी गिळून टाकला. तो तसाच राहायला हवा होता मला.

मग लेकीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, घरचे लोक सरळ. वैशाखातली तारीख. आमच्या भागात लग्न हॉलवर लागलं तरी चालतं, पण हळद घरी. दारात मांडव, अंगणात पाट, बायका गाणार, गाव जेवणार. हळद ज्या दारात लागते ते मुलीचं घर. लेक आता मोठी झालेली, नोकरीवर जाणारी, माझ्याकडे कधी काही मागत नाही. तिने एकदाच म्हटलं, "आई, हळद आपल्या घरी करू." मी विचारलं, "म्हणजे इथं?" ती म्हणाली, "इथं आपलं घर कुठंय?"

त्या वाक्याने मला जे लागलं ते अजून लागलेलंच आहे. चाळीच्या बोळात मांडव कुठून घालणार, हा प्रश्न नव्हताच. मला त्या पडवीत उभं राहून लेक पाठवायची होती. दिवाळी झाल्या झाल्या मी काकांकडे गेले. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "आम्ही कधी नाही म्हटलंय का? रक्कम आणा, किल्ली घ्या. त्या पैशावर आम्हाला दुसरं छप्पर बघावं लागेल, एवढंच." यात चुकीचं काहीच नव्हतं. म्हणूनच भांडता आलं नाही.

मी पुन्हा बँकेत गेले. समोर एक तरुण साहेब, फार नम्र. नम्र माणसांशी मला बोलता येत नाही.

"मॅडम, खोल्यांचं महिन्याचं भाडं किती येतं?"

"येत नाही."

"म्हणजे खोल्या रिकाम्या आहेत?"

"एकही नाही."

त्याने पेन बंद केलं, परत उघडलं. मी हेवी डिपॉझिट समजावलं. तो म्हणाला, मग हे तुमचं उत्पन्न नाही, ही तुमच्यावरची देणी आहेत. शिवाय मुरबाडची जागा बिनशेती झालेली नाही, ती तारण चालणार नाही. कागदावर तुमचं उत्पन्न दिसत नाही, मॅडम. मी म्हटलं, "कागदावर दिसत नसेल तर चला, स्कूटरवर बसा, डोळ्यांनी दाखवते." आमच्या यांनी माझा हात धरून मला बाहेर आणलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "पोरगा बरा होता गो. बिचाऱ्याला घाम फुटला." मला हसू आलं आणि त्याचाच राग आला. इतक्या वर्षांत मी जे उभं केलं ते खरंच होतं, आणि ज्या युक्तीने उभं केलं तिच्यामुळेच ते कुणाला दिसत नव्हतं.

तरी थंडीत काही रक्कम जमली. यांचं एका मोठ्या कामाचं बिल निघालं, दोन भिश्या उचलल्या, माझ्या बांगड्या गेल्या. काकांच्या रकमेच्या अर्ध्याहून थोडे जास्त पैसे हातात होते. शहाणं माणूस काय करेल? बाकीचे कुठूनतरी उभे करेल आणि घर सोडवेल. मी काय केलं? चाळीच्या टोकाला मोकळी पट्टी होती, तिथे आणखी दोन खोल्यांचं जोतं टाकलं. माझा हिशोब असा की एक पार्टी दोन्ही खोल्या मिळून डिपॉझिटवर घ्यायला तयार आहे, त्याच्या रकमेत काकांचं सगळं फिटेल आणि वर दोन खोल्या राहतील. आम्हा लोकांचं हेच आहे. हातात पैसा आला की दुसऱ्याला दागिना दिसतो, गाडी दिसते, आम्हाला जोतं दिसतं. हे एकदा म्हणाले होते, "या वक्ताला घर सोडव, खोल्या मंग बांधू." मी ऐकलं नाही. यांनी फळ्या आणून टेकू लावले.

फाल्गुनात स्लॅब टाकला. आणि पार्टीचा फोन आला की त्याला टिटवाळ्याकडे फ्लॅट मिळाला, सॉरी मॅडम. नवीन माणूस इतक्या थोड्या दिवसांत मिळेना. अर्धी रक्कम होती ती ओल्या स्लॅबमध्ये, अर्धी नव्हतीच. दुकानात बसून मी लोकांच्या लग्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढत होते आणि माझ्या लेकीच्या पत्रिकेत हळदीचा पत्ता काय छापायचा ते मला कळत नव्हतं.

शेवटी मी काकूंना सांगायला गेले. पडवीत बसूनच सांगितलं, आत गेले नाही. रक्कम जमत नाही, तुम्ही राहा, करार वाढवू. काकूंनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाल्या, "हळद कवाची हाये?" मी सांगितलं. म्हणाल्या, "मग मांडववाल्याला हितलाच पत्ता द्या की. आम्ही दोघं एका खोलीत पडू. घर तुमचं, पोरगी तुमची, आम्ही काय मधी भिंत आहोत का?" काका आतून म्हणाले, "पाण्याचा टँकर मी सांगतो."

मांडव उभा राहिला. अंगणात जागा पुरेना. पाहुण्यांमधल्या म्हाताऱ्या विचारायच्या, "या कोन गो? तुमच्या जाऊबाई का?" मी हो म्हणायचे. कुणाकुणाला सांगणार? पण दिवसभर मी माझ्याच घरात विचारत फिरत होते, काकू, मोठं पातेलं कुठं ठेवलंय, काकू, बाथरूमची बादली कुठंय, काकू, माळ्यावर हात लावला तर चालेल ना. आमचे हे पाहुणे सोडून छताला लागलेली ओल बघत होते. संध्याकाळी लग्नाचे धवळे गाणाऱ्या बाया आल्या. पहिली ओळ धरायच्या आधी त्यांच्यातली म्हातारी थांबली. तिला घरधनिणीचा मान करून गाणं उचलायचं होतं. तिने विचारलं, "घरधनीण कोन? उभी ऱ्हा गो म्होरं." काकू माझ्या शेजारीच होत्या, हातात हळदीचं ताट. मी मागे सरले. काकूंनी ताट माझ्या हातात दिलं, पाठीवर हात ठेवून मला पुढे ढकललं. गाणं सुरू झालं. मी लेकीच्या गालाला हळद लावली आणि तिने माझे हात तिथेच धरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, लेक सासरी गेली. त्यानंतरच्या सकाळी मांडव काढायला माणसं येणार म्हणून मी आणि हे त्या घरी परत गेलो. बांबू निघाले, खड्डे बुजवले, मी अंगण झाडून पाणी मारलं. सगळं होतं तसं झालं. मी चप्पल घालत होते तेवढ्यात काकूंची हाक आली, "ताई, अशा रिकाम्या नका जाऊ." त्यांनी पुढच्या खोलीत पाट मांडला होता. मला बसवलं, कुंकू लावलं, नारळ, खण आणि तांदूळ घेऊन माझी ओटी भरली. दारातून परत निघालेल्या लेकीबाळींची भरतात तशी. भावांचं दार बंद झाल्यापासून माझी ओटी कुणी भरली नव्हती. ज्या घराच्या पैशासाठी ते दार बंद झालं, त्याच घरात मी पाटावर बसले होते, पाहुणी होऊन. काकूंना यातलं काही माहीत नव्हतं. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी फाटकापर्यंत येऊन आम्हाला पोचवलं, आणि आम्ही वळणावर जाईपर्यंत तिथेच उभ्या होत्या.

किन्हवलीच्या रस्त्याने मुरबाडला येईपर्यंत मी पदराची गाठ सोडली नाही. नारळ फोडला, खण लेकीला दिला. ओटीचे तांदूळ मात्र आपल्या घरी नेऊन शिजवायचे असतात, आपल्या चुलीवर. ते मी डब्यात भरून ठेवलेत. नव्या दोन खोल्या डिपॉझिटवर गेल्या, त्या पैशाने दुसऱ्या एकाची रक्कम फेडली, काकांचा करार परवाच पुन्हा टाइप केला. हे विचारतात, कशाला ठेवलेस गो ते तांदूळ, टोके पडतील. म्हणून अधूनमधून चाळीच्या पत्र्यावर ताटात पसरून ऊन दाखवते, आणि संध्याकाळी परत डब्यात भरते.